यार्देनेच्या पूर्वतीरावर: नबो डोंगर ते अल-मग्तस

जॉर्डन देशात जाऊन यार्देन (जॉर्डन) नदी पाहायची असेल, तर थेट नदीवर न जाता आधी नबो डोंगरावर जावे, असे मी आग्रहाने सांगेन. इस्राएली लोकांचा पुढारी मोशे याने येथून वचनदत्त देश, म्हणजे देवाने त्यांना देऊ केलेला देश, पाहिला, पण ज्याच्यापुढे त्याला जाता आले नाही, तो हा डोंगर. हवा स्वच्छ असेल तर येथून डावीकडे क्षार समुद्र (मृत समुद्र), समोर यरीहोचा परिसर आणि मध्ये झाडीची एक बारीक हिरवी रेघ दिसते, तीच यार्देन. वाटेत मादाबा येथील सेंट जॉर्ज चर्चमध्ये थांबणे चुकवू नये. तेथील सहाव्या शतकातील फरशीचित्रात यार्देनेतला एक मासा क्षार समुद्राच्या तोंडाशी येऊन प्रवाहाविरुद्ध माघारी वळलेला आहे, आणि रंगीत खड्यांनी जुळवलेल्या त्या माशापाशी आमचा गट बराच वेळ रेंगाळला.

नबोवरून अल-मग्तसकडे जाताना रस्ता 1000 मीटरांहून अधिक खाली उतरतो. योहानाने येशूचा बाप्तिस्मा केला ते हे स्थान, अशी जुनी परंपरा आहे. 1994 च्या इस्राएल-जॉर्डन शांतता करारापर्यंत हा लष्करी पट्टा होता. भूसुरुंग काढल्यावरच येथे उत्खनन करता आले आणि 2015 मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. प्रवेशद्वारापासून पुढे बसने आणि मार्गदर्शकासोबतच जावे लागते.

नदी प्रत्यक्षात मातकट, संथ आणि जेमतेम काही मीटर रुंद आहे. इस्राएल, जॉर्डन आणि सीरिया या तिन्ही देशांनी वरचे पाणी कालवे व धरणांकडे वळवल्यामुळे तिची ही दशा झाली आहे. काही सहप्रवाशांची निराशा लपली नाही. परंतु ही तक्रार फार जुनी आहे: यार्देनेत स्नान करायला सांगितल्यावर, दिमिष्काच्या (दमास्कसच्या) अबाना व परपर या नद्या इस्राएलातील सर्व पाण्यापेक्षा चांगल्या नाहीत काय, असे म्हणत कुष्ठरोगी अरामी सेनापती नामान रागाने निघाला होता, आणि शेवटी याच नदीत सात वेळा बुडी मारून तो शुद्ध झाला. पवित्र शास्त्रात (बायबलमध्ये) ‘महानदी’ हा मान फरातेला (युफ्रेटिसला) आहे. यार्देनेचे माहात्म्य ती ओलांडण्यात आहे. कापणीच्या दिवसांत दुथडी वाहणारी ही नदी मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याच्या लोकांनी यरीहोसमोर कोरड्या पायांनी ओलांडली. एलीया व अलीशा हे संदेष्टे उलट दिशेने, पूर्वेकडे, याच प्रकारे पार झाले. आणि योहानाने लोकांना पश्चात्तापासाठी बोलावले ते याच नदीवर, त्यांच्या पूर्वजांनी देशात जेथून पाऊल टाकले त्या परिसरात. म्हणून पवित्र शास्त्रातील यहोशवा 3 व 4, 2 राजे 2 व 5 आणि मत्तय 3 हे अध्याय तीरावर बसून वाचावेत, असे मला मनापासून वाटते.

उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो, तेव्हा शक्यतो नोव्हेंबर ते मार्च या काळात जावे. टोपी, पिण्याचे पाणी आणि पासपोर्ट जवळ ठेवावा. नदीचे पाणी दूषित असल्याने तीर्थ म्हणूनही पिऊ नये. बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर आपल्या पाळकांमार्फत आधी परवानगी काढावी. नदीच्या मधोमध देशाची सरहद्द असल्यामुळे पाण्यातून पलीकडे जाता येत नाही. समोरचा कस्र अल-यहूदचा घाट हाकेच्या अंतरावर दिसत असला, तरी तेथे जायला सीमाचौकीवरून मोठा वळसा पडतो, त्यामुळे दोन्ही तीर एकाच दिवशी करण्याचा बेत आखू नये, आणि निघण्यापूर्वी सीमा खुली असल्याची खात्री करून घ्यावी.