सहा आठवड्यांचा विषय घेण्याआधी तास मोजावेत

मागील रविवारी सकाळी शेजारची मुलगी हातात मोबाइल घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसली. ती दिवसा नागपूरच्या धंतोलीतील एका दवाखान्यात नोंदणीच्या काउंटरवर काम करते आणि माझ्यासारखीच ऑनलाइन बी.कॉम. करते. तिला पुढचा अर्ज भरायचा होता आणि सांख्यिकी हा विषय दोन प्रकारे घेता येत होता, एक तर नेहमीच्या १५ आठवड्यांच्या सत्रात किंवा उन्हाळ्यातील ६ आठवड्यांच्या जलद वर्गात. "काकू, सहा आठवड्यांत होऊन जाते तर पंधरा आठवडे कशाला घालवायचे?" असे तिने विचारले. दोन वर्षांपूर्वी माझ्याही पुढे हाच प्रश्न होता आणि मी फार विचार न करता सहा आठवड्यांवर खूण केली होती. म्हणून तिला लगेच हो किंवा नाही न म्हणता मी चहा ठेवला आणि आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. नोकरी आणि घर सांभाळून राहिलेली पदवी पूर्ण करणाऱ्या अनेकींसमोर हा पर्याय येतो, त्यामुळे तिला जे सांगितले ते इथे सविस्तर लिहीत आहे.

पहिली गोष्ट तासांची. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक (क्रेडिट) आराखड्यात एका शैक्षणिक वर्षाचे १२०० तास आणि ४० श्रेयांक धरले आहेत, म्हणजे एका श्रेयांकामागे ३० तासांचा अभ्यास येतो. व्याख्याने ऐकणे, वाचन, गणिते सोडवणे, स्वाध्याय आणि परीक्षा हे सगळे या ३० तासांतच मोजलेले असते. सांख्यिकी ४ श्रेयांकांची आहे, तेव्हा तिचे १२० तास झाले. हे १२० तास १५ आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला ८ तास पडतात आणि ६ आठवड्यांत बसवले तर २० तास पडतात. विद्यापीठ आठवडे कमी करते, तास कमी करत नाही. जाहिरातीत मात्र 'फक्त सहा आठवड्यांत' एवढेच ठळक अक्षरांत असते आणि २० हा आकडा आपला आपल्याला काढावा लागतो.

माझ्या घरात हे २० तास कुठून येणार होते, हे मी तेव्हा मांडून पाहिले नाही. मी हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात स्टोअर विभागात काम करते. सकाळी आंबेडकर चौकातून मेट्रो धरून लोकमान्यनगरला उतरते आणि संध्याकाळी त्याच मार्गाने परत येते. स्वयंपाक, सासूबाईंची औषधे आणि मुलाचा गृहपाठ आटोपून साडेनऊला पुस्तक उघडले तरी साडेअकरापर्यंत दोनच तास मिळतात. सोमवार ते शुक्रवार त्याचे १० तास होतात, आणि उरलेले १० शनिवार-रविवारी काढायचे म्हणजे दोन्ही दिवस पाच-पाच तास बसणे आले. या हिशेबात कुठेही फट नाही. एप्रिल-मे म्हणजे लग्नसराई, त्यात नणंदेच्या मुलीचे लग्न वर्ध्याला होते. त्या एका शनिवार-रविवारात माझे १० तास गेले, म्हणजे निम्मा आठवडा गेला. १५ आठवड्यांच्या सत्रात ती तूट पुढच्या पाच आठवड्यांत रोज थोडे जास्त बसून भरून निघाली असती. सहा आठवड्यांत ती भरून काढायला जागाच नव्हती.

अमेरिकेतील ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमांत ही पद्धत बरीच रुळलेली आहे. तिथे १५-१६ आठवड्यांच्या सत्राचे साधारण ७ किंवा ८ आठवड्यांचे दोन भाग करतात आणि नोकरी करणारा विद्यार्थी एका भागात एक किंवा दोनच विषय घेतो. सत्रभरात विषय तेवढेच होतात, फक्त ते एकामागून एक होतात. आपल्याकडे ही गोष्ट नीट सांगितली जात नाही, आणि मी तर जलद सांख्यिकीसोबत आधीच्या सत्रातील राहिलेला एक विषयही त्याच उन्हाळ्यात घेऊन ठेवला होता. एका वेळी एकच विषय हाती असणे हा जलद अभ्यासक्रमाचा खरा फायदा आहे, आणि तोच मी गमावून बसले.

आता प्रत्यक्ष काय घडले ते सांगते. चौथ्या आठवड्यात नमुना निवड हा घटक आला. मे महिन्याची रात्र, कुलर पूर्ण वेगात चालू आणि त्या आवाजात व्याख्यान ऐकू यावे म्हणून कानात इअरफोन. उदाहरण असे होते की ३६ पाकिटांचा नमुना घेतला, वजनाचे प्रमाण विचलन, म्हणजे एकेका पाकिटाचे वजन सरासरीपासून साधारण किती खालीवर होते ते, १२ ग्रॅम आले, तर सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे अशा नमुन्यांची सरासरी स्वतः साधारण किती खालीवर होते ती, किती? १२ ला ३६ च्या वर्गमूळाने, म्हणजे ६ ने भागायचे, उत्तर २ ग्रॅम. मी सूत्र वहीत लिहिले, त्याच रात्री चाचणी दिली आणि पाचपैकी पाच गुण मिळाले. परंतु वर्गमूळ का घ्यायचे, आणि एका पाकिटाचे वजन जितके खालीवर होते तितकी ३६ पाकिटांची सरासरी का होत नाही, हे मला उमगलेले नव्हते. ते उमगायला आणखी दोन-तीन दिवस तोच प्रश्न मनात घोळायला हवा होता. त्याऐवजी तिसऱ्या दिवशी परिकल्पना परीक्षण (नमुन्यावरून एखादा दावा तपासणे) सुरू झाले आणि ते तर पूर्णपणे याच प्रमाण त्रुटीवर उभे असते. अंतिम परीक्षेत अशाच एका प्रश्नात मी सरळ प्रमाण विचलनच घेऊन पुढचे सगळे गणित केले. विषय सुटला, पण अगदी काठावर.

गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे तो अर्थ मला पुढे पावसाळ्यात कारखान्यातच समजला. नटबोल्टच्या खोक्यांची वजने घेताना एखादे खोके जड तर एखादे हलके भरते, पण बऱ्याच खोक्यांची सरासरी काढली की हे कमी-जास्त एकमेकांना बरेचसे खाऊन टाकते. मी वजनकाट्यापाशी उभी होते आणि ते ३६ चे वर्गमूळ एकदम डोळ्यांसमोर आले. परीक्षा होऊन तेव्हा दोन महिने उलटले होते.

शिकलेले मुरायला वेळ लागतो, हे आपण लोणच्याबद्दल सहज मान्य करतो आणि अभ्यासाबद्दल विसरतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या स्वतः पाठ करून स्मरणाचा अभ्यास केला आणि तो १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. एकाच दिवशी ६८ वेळा केलेल्या घोकंपट्टीने जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांच्या घोकंपट्टीनेही साधले, असे त्यांना आढळले. पाठांतराची ही कथा, तर एकावर एक रचलेल्या संकल्पनांना मधली मोकळी जागा किती लागत असेल, याचा विचार करावा.

दुसरी अडचण मला आधी सुचलीही नव्हती. मी चर्चामंचावर विचारलेल्या शंकेला शिक्षकांचे उत्तर चार दिवसांनी आले. त्यांना दोष देत नाही. शेकडो विद्यार्थी असतात आणि १५ आठवड्यांच्या वर्गात चार दिवस हा काही मोठा विलंब नाही. परंतु जलद वर्गात अभ्यासक्रम अडीच पट वेगाने पळतो, त्यामुळे चार दिवसांत नेहमीच्या दहा दिवसांचा भाग पुढे निघून गेलेला असतो. वर्गाचा वेग वाढतो, शंकानिरसनाचा वेग तसाच राहतो. म्हणून असा विषय घेण्याआधी विद्यापीठाला एक प्रश्न अवश्य विचारावा, की शंकेचे उत्तर किती दिवसांत मिळेल आणि थेट संवादाचे तास आठवड्यातून किती असतील.

मी जलद अभ्यासक्रमांच्या विरोधात आहे, असे मात्र कोणी समजू नये. पुढच्याच वर्षी मी एनपीटीईएल या आयआयटींसारख्या संस्थांच्या ऑनलाइन उपक्रमाचा डेटाबेसवरील ८ आठवड्यांचा अभ्यासक्रम केला आणि तो मला मनापासून आवडला. 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरील अशा अभ्यासक्रमांचे श्रेयांक आपल्या विद्यापीठाने मान्य केले तर पदवीत धरता येतात. २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे करता येतात. तिथली रचना मला विचारपूर्वक केलेली वाटली. अंतिम गुणांत स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला ७५ गुण असतात, आणि ८ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात आठपैकी उत्तम सहा स्वाध्यायांची सरासरी धरतात. म्हणजे घरात कोणी आजारी पडले किंवा लग्नाला जावे लागले, तर दोन आठवड्यांची सोय आधीच केलेली असते. शिवाय विषय माझ्या रोजच्या कामाचा होता. रविवारी शिकलेली दोन तक्त्यांची जोडणी सोमवारी स्टोअरच्या साठ्याच्या नोंदींत दिसायची, त्यामुळे उजळणी वेगळी करावीच लागली नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या अखेरीस पदवीच लवकर पूर्ण करण्याची योजना मांडली, तीही याच संदर्भात पाहण्यासारखी आहे. त्यात तीन वर्षांची पदवी पाच सत्रांत पूर्ण करता येते. मात्र एकूण श्रेयांक तेवढेच राहतात, पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रानंतर समिती विद्यार्थ्याची क्षमता तपासते आणि संस्थेला मंजूर जागांपैकी १० टक्क्यांपर्यंतच जागा यासाठी ठेवता येतात. क्षमता आधी पाहावी आणि वेग नंतर द्यावा, हा क्रम मला योग्य वाटतो. एका विषयाचा जलद वर्ग निवडताना ती समिती आपली आपणच व्हायचे असते.

हे सगळे ऐकून शेजारची मुलगी थोडा वेळ कागदावरच्या २० या आकड्याकडे पाहत राहिली. मग तिने सांख्यिकीपुढची खूण काढून ती १५ आठवड्यांच्या सत्राकडे नेली आणि उन्हाळ्यासाठी कार्यालयीन संगणक वापराचा २ श्रेयांकांचा विषय निवडला. दवाखान्यात ती दिवसभर संगणकावरच असते, आणि त्या विषयाचे ६० तास सहा आठवड्यांत आठवड्याला १० पडतात. अर्ज पाठवण्याआधी आम्ही भिंतीवरचे कॅलेंडर खाली काढले. अक्षय्य तृतीयेच्या आसपासचे मावसभावाच्या लग्नाचे तीन दिवस तिने पेन्सिलीने खोडले, रात्रपाळीचे दोन आठवडे गोल केले आणि उरलेल्या चौकोनांत कोणत्या दिवशी किती तास, ते एकेक करून लिहायला सुरुवात केली.