हेलसिंकीतलं बुरांशाचं रान

हेलसिंकीत ऱ्होडोडेंड्रॉनची, म्हणजे हिमालयातल्या बुरांशाच्या भाऊबंदांची, एक बाग आहे. मागच्या खेपेला तिथे जूनच्या अखेरीस गेलो आणि पाकळ्यांचा सडा तेवढा बघून परतलो. यंदा शहाणपण सुचलं, दुसऱ्या आठवड्यातच गाठलं. उशीर झालाच तर हिरमुसू नका, त्याच कुळातल्या अझेलिया थोड्या मागून फुलतात.

बाग आहे हागा भागात. मराठी माणसाला चारचौघांत हे नाव घ्यायला जरा जड जातं, पण इलाज नाही. मुख्य स्टेशनवरून पी लोकल पकडायची, पोह्योईस-हागाला उतरायचं, पुढे थोडी पायपीट. प्रवेश फुकट.

फाटक, कारंजी, वाफे असलं काही शोधू नका. हे पाइनचं दलदलीचं रान आहे आणि मुळात प्रयोगाचं शेत. वनस्पती-पैदासकार पेटर टिगरस्टेट आणि हेलसिंकी विद्यापीठातले त्यांचे सहकारी यांनी १९७० च्या दशकात कोरियाकडच्या काटक ऱ्होडोडेंड्रॉनचा रंगीत जातींशी संकर केला आणि १९७५ पासून रोपं इथे लावली. ती काटक झाडं आली मुस्तिलाहून. तिथे टिगरस्टेट घराण्यातल्याच अॅक्सेल फ्रेड्रिक यांनी १९०२ मध्ये वृक्षोद्यान सुरू केलं होतं. हिवाळ्याने निवड केली, उरलेल्यांतून ‘हागा’, ‘मिक्केली’, ‘एल्वीरा’, ‘हेलसिंकी युनिव्हर्सिटी’ हे वाण निघाले.

मला वाटायचं, झाडं कडाक्याच्या थंडीने मरतात. पण मार्चचं ऊनही तितकंच घातकी. जमीन गोठलेली, मुळांना पाणी नाही आणि सदाहरित पानं उन्हात वाळत राहतात. म्हणून वर पाइनची सावली. जागेची ही निवड मला फुलांइतकीच आवडली.

लाकडी फळ्यांच्या वाटेवर एका जागी दोन्हीकडून झुडपं डोक्याच्या वर गेलेली. एक गुलाबी फूल वाकवून पाहिलं: वरच्या पाकळीवर शेवाळी ठिपके, आणि आत बूड वर करून बसलेला गुबगुबीत भुंगा. तो काही हलेना, मीच फूल सोडलं.

पाऊस पडून गेला असेल तर फळ्या भलत्याच निसरड्या होतात, चपला नकोत. डासांचं मलम हवंच. शनिवार-रविवारी फोटोवाल्यांची झुंबड असते. सकाळी सातला जा, उजेड कधीचाच झालेला असतो. आणि उत्तराखंडात बुरांशाचं सरबत प्यायला असाल, तरी इथलं फूल तोंडात घालू नका, ही झाडं विषारी आहेत. पोरांवर लक्ष ठेवा.

मुस्तिलाचं ते वृक्षोद्यान हेलसिंकीहून १२० किलोमीटरवर आहे. त्याच दिवशी उरकायच्या भानगडीत पडू नका.