पाण्यावरची रेघ

प्रागमध्ये काफ्का संग्रहालय बघायला निघालो आणि दाराबाहेरच रेंगाळलो. अंगणात साधारण सात फुटी, ब्राँझचे दोन पुरुष समोरासमोर उभे राहून निवांत लघवी करत होते. मध्ये उथळ हौद. नीट पाहिलं तर हौदाचा आकार चेक देशाच्या नकाशाचा! म्हणजे भर राजधानीत, आपल्याच देशावर. डेव्हिड चेर्नी नावाच्या शिल्पकाराने हे कारंजं 2004 साली केलं, त्याच वर्षी चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात गेलं. याच गृहस्थाने 1991मध्ये सोव्हिएत रणगाड्याला गुलाबी रंग फासला होता, तेव्हा आश्चर्य वाटायचं कारण नाही.

गंमत मात्र पुढे आहे. हे दोघे नुसते उभे नाहीत. विजेच्या यंत्रणेवर त्यांची कंबर डावी-उजवीकडे वळते, पुढचा अवयव वर-खाली होतो आणि पाण्याची धार हौदात अक्षरं काढते. प्रागच्या नामवंतांची वचनं लिहितात म्हणे. मोबाइलवरून मजकूर पाठवला तर तोही लिहून दाखवायची सोय केलेली. भोवतीची मंडळी खिदळत फोटो काढत होती. वाचत कुणीच नव्हतं.

मला एकदम शाळेमागचं पटांगण आठवलं. मधल्या सुट्टीत धुळीत नाव काढायची पैज लागायची. माझं नाव दोन अक्षरी, त्यामुळे मी बहुतेक वेळा जिंकायचो. वर्गातला पुरुषोत्तम बिचारा 'रु'पाशीच कोरडा पडायचा. शिरोरेघेचा नियम आम्ही एकमताने रद्द केला होता. ती द्यायची तर पुन्हा पहिल्या अक्षरापाशी यावं लागतं आणि तोवर साठा कुणाकडे उरतोय? या ब्राँझच्या बुवांना साठ्याची चिंता नाही, पण रोमन लिपी गिरवण्यात कसलं आलंय कसब? वेलांटी काढून दाखवा म्हणावं.

तरी वाचायचंच म्हणून कठड्याशी वाकलो. एक उभी रेघ, मग वळण. 'बी' असावा, किंवा 'आर'. पुढचं अक्षर उमटेपर्यंत मागचं विरलेलं. डोळे बारीक करून पुन्हा धार कुठे वळते ते बघत राहिलो.

"अहो," मागून बायको दबक्या आवाजात म्हणाली, "किती वेळ तिथेच बघताय? लोक काय म्हणतील!"

"अगं, वाचतोय."

"तेच सांगा सगळ्यांना," म्हणत ती तिकिटाच्या रांगेकडे वळली.