साताऱ्याहून घारापुरी, आईच्या गुडघ्यांच्या बेताने

घारापुरीचा, म्हणजे मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने जायच्या एलिफंटा लेण्यांचा, विषय निघाला की आमच्याकडे भावाचं ठरलेलं वाक्य असतं, "पहाटे तीनला गाडी काढू, नऊला गेटवेवर हजर." तो नकाशा बघून बोलतो. मी आईकडे बघून बोलते. आई सत्तरीच्या पुढची, दोन्ही गुडघे दुखरे. सांगलीची मावशी तिच्याहूनही मोठी. साताऱ्यापासून मुंबई अडीचशे किलोमीटरच्या वर. खंबाटकी, पुण्याचं बाह्यवळण, एक्सप्रेसवे आणि वाशीपासून पुढची गर्दी. एवढं बसून अवघडलेल्या माणसांना उतरल्या उतरल्या लाँचमध्ये चढवायचं आणि मग डोंगराच्या पायऱ्या दाखवायच्या, हे मला पटत नाही. शिवाय जो गाडी चालवतो त्याचा जीव दिवसभर कुलाब्यातल्या पार्किंगमध्ये अडकतो आणि रात्री झोपाळल्या डोळ्यांनी त्यालाच परत घाट पार करायचा असतो.

म्हणून आम्ही महालक्ष्मी एक्सप्रेसने गेलो, आणि कुणी विचारलं तर मी तीच सांगते. कोल्हापूरहून रात्री निघते, सांगलीला दहाच्या आसपास येते, साताऱ्याला मध्यरात्रीच्या सुमारास, आणि सकाळी सात-साडेसातला सीएसएमटी. मावशी सांगलीला बसली, आम्ही साताऱ्याला त्याच डब्यात चढलो. दोघी बहिणी गाडीतच भेटल्या आणि पुण्यापर्यंत कुजबुजत राहिल्या, झोप कसली! तिकीट काढताना साताऱ्याच्या लोकांनी तारखेकडे नीट बघावं. कोल्हापूरहून सोमवारी रात्री सुटलेली गाडी आपल्याकडे येईपर्यंत बारा वाजून जातात, म्हणजे मंगळवार लागतो. पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांना आणि साठच्या पुढच्या पुरुषांना खालच्या बर्थचा कोटा असतो, तो जरूर घ्यावा. आणि आपलं स्टेशन गावाबाहेर माहुलीच्या बाजूला असल्याने रात्रीचा रिक्षावाला संध्याकाळीच सांगून ठेवावा. ऐनवेळी पोवई नाक्यावर शोधाशोध करायची वेळ ती नव्हे.

वार निवडताना दोन गोष्टी. सोमवारी लेणी बंद असतात. आणि रविवारी गेटवेवर पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार ते शुक्रवार, यातला कुठलाही चांगला. आम्ही मंगळवार धरला.

सीएसएमटीला उतरून प्रतीक्षालयात तोंड धुतलं, कपडे बदलले, बॅगा क्लोकरूममध्ये टाकल्या. बॅगेला कुलूप नसेल तर तिथे घेत नाहीत, तेव्हा छोटी कुलपं घरून न्यावीत. स्टेशनच्या बाहेर येऊन ती इमारत दोन मिनिटं बघावी, घारापुरीसारखी तीही जागतिक वारसा यादीत आहे. तिथून गेटवे अडीच किलोमीटर. तरुणांनी चालत जावं, फोर्ट बघत. आम्ही काळी-पिवळी टॅक्सी केली, कारण मला आईचे पाय घारापुरीसाठी राखून ठेवायचे होते.

पहिली लाँच नऊच्या सुमारास सुटते. तिकीट जाण्या-येण्याचं एकच असतं, तेव्हा ते पाकिटात आत ठेवावं, हातात धरून फिरू नये. आता खरी परीक्षा. गेटवेच्या धक्क्याला लाँच एकीला एक लागून उभ्या असतात, आणि आपली बाहेरच्या अंगाला असली तर मधल्या लाँचमधून पलीकडे जावं लागतं. ओहोटी असली की धक्क्याच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, हिरव्या, शेवाळलेल्या. लाँच लाटेबरोबर वर येते, क्षणभर थांबते, खाली जाते. त्या क्षणभरात पाय टाकायचा. खलाशाने आईचं मनगट धरलं, कोपराखाली दुसरा हात दिला आणि म्हणाला, "आई, खाली बघू नका, माझ्याकडे बघा. हं, आता." आई पलीकडे गेलीसुद्धा. मावशीने मात्र आधी चप्पल काढून माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि कुणाचा हात न धरता गेली. म्हाताऱ्या माणसांना सपाट, मागे पट्टा असलेल्या चपला घाला, एवढंच सांगते. आणि हातात पिशवी नको, दोन्ही हात मोकळे हवेत.

लाइफ जॅकेट घालायलाच हवं. 18 डिसेंबर 2024 ला याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीची प्रवासी बोटीला धडक बसली आणि माणसं गेली. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. उकडतं, वास येतो, फोटोत दिसायला बरं नाही, हे सगळं ऐकून घेऊन मी दोघींचे बंद स्वतः बांधले.

तासाभराचा प्रवास. नौदलाच्या राखाडी बोटी, तेलाची जहाजं लागतात ते जवाहर द्वीप, पलीकडे न्हावा शेवाच्या क्रेन. वरच्या मजल्यावर बसायला थोडे जास्त पैसे घेतात. वारा हवा असेल तर द्यावेत, पण आमच्या दोघींना शिडी नको होती.

घारापुरीचा धक्का लांबलचक आहे. तिथे छोटी झुकझुक गाडी मिळते. ती दिसली की बसावं, "एवढं तर चालू" म्हणू नये. कारण पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्री, त्यामुळे ऊन लागत नाही. पायऱ्यांच्या तळाशी डोलीवाले असतात, चौघे मिळून खुर्ची उचलतात. आई म्हणाली, "माझं ओझं दुसऱ्याच्या खांद्यावर कशाला?" मावशीने तिला गप्प केलं, "अगं, त्यांचं पोट आहे त्यावर. बस." दर खालीच ठरवावा, जायचा आणि यायचा मिळून. आई डोलीतून गेली, मावशी प्रत्येक दुकानापाशी थांबत चढली. पाण्याच्या बाटल्या आणि खाऊ पिशवीत झाकून ठेवा, माकडं वाट बघत असतात.

लेण्यांचं तिकीट चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना नाही. मुख्य लेणं उत्तरेकडे तोंड करून आहे आणि सदाशिवाची मूर्ती अगदी आत, दक्षिणेच्या भिंतीत. उन्हातून आत गेलं की सुरुवातीला काहीच दिसत नाही. बहुतेक लोक त्या अंधारातच मोबाइल वर करतात, फोटो काढतात आणि निघतात. मला त्याचं फार वाईट वाटतं. खांबाच्या ओट्यापाशी बसा. डोळे सरावले की तीन पुरुष उंचीचं ते दगडी शिल्प हळूहळू पुढे येतं, मधला चेहरा मिटल्या डोळ्यांचा, शांत. एका बाजूला साप आणि मिशा असलेला भैरव, दुसऱ्या बाजूला हातात कमळ घेतलेला, बाईसारखा कोमल चेहरा. चौदाशे वर्षांपूर्वीच्या हातांनी एकाच कातळात हे तिन्ही भाव कोरले. शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापाशी आई बराच वेळ उभी राहिली. मूर्ती खालून फुटलेल्या आहेत, तरी ती म्हणाली, "मान बघ तिची. लाजली आहे." आम्हाला याच्यासाठीच वेळ वाचवायचा होता, रात्रीच्या गाडीपासून टॅक्सीपर्यंत.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव ठेवलं तो इथे नाही. 1864 मध्ये इंग्रजांनी तो न्यायचा प्रयत्न केला, उचलताना तो फुटला, आणि आता भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयासमोर उभा आहे. मुलं बरोबर असतील तर संध्याकाळी तिकडे न्या.

शेवटची लाँच साडेपाचच्या सुमारास असते, पण तिच्या भरवशावर राहू नका. बेटावर मुक्काम करू देत नाहीत आणि शेवटच्या लाँचला रांग मोठी असते. आम्ही तीनच्या आधी निघालो. परतीची महालक्ष्मी रात्री सव्वाआठ-साडेआठच्या दरम्यान सुटते, त्यामुळे मध्ये निवांत जेवण झालं आणि दोघींना पाय पसरून बसायला वेळ मिळाला.

जून ते ऑगस्ट नको. समुद्र खवळलेला असतो आणि लाँच कधीही बंद होतात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर जायचं असेल तर नोव्हेंबरच्या मध्यालाच जाण्याचं आणि परतीचं, दोन्ही तिकिटं काढून टाका. नाताळच्या सुट्टीत खालचा बर्थ मिळणं कठीण असतं.