गावरान टोमॅटोतलं लोह आलं कुठून?

खानापूर भागातल्या एका महिला गटाने गावरान टोमॅटोच्या उन्हात वाळवलेल्या चकत्या आमच्या प्रयोगशाळेत तपासायला दिल्या. चपटा, खोल कंगोऱ्यांचा, आंबटढाण वाण. सोबत तुलनेसाठी बेळगावच्या बाजारातला संकरित टोमॅटो. पोटॅशियम, मॅग्नेशियम दोन्हींत जवळजवळ सारखं निघालं. लोह मात्र गावरानात कित्येक पट! गटाला डब्यावर ‘लोहयुक्त’ छापायचं होतं, म्हणून त्या आकड्याची खातरजमा करणं भागच होतं.

आधी वजनाचा हिशेब. ताज्या टोमॅटोत 94-95 टक्के पाणी. ओल्या 100 ग्रॅममध्ये पोटॅशियम साधारण 240 मिलिग्रॅम, लोह जेमतेम 0.3. वाळवलं की तेच आकडे अठरा-वीस पट दिसतात. त्यामुळे एका वाणाचा वाळका आकडा दुसऱ्याच्या ओल्या आकड्याशेजारी ठेवून ‘गावरान भारी’ म्हणणं चूक. इथे मात्र दोन्ही नमुने वाळकेच मोजले होते.

मग संशय गेला मातीवर. खानापूरची तांबडी माती लोहाने भरलेली. फळावर चिमूटभर राहिली तरी आकडा बिघडतो. पण माती असती तर चकत्या जाळून केलेली राख आम्लात विरघळवून गाळल्यावर कागदावर वाळूची कचकच उरली असती. कागद स्वच्छ होता.

चकत्या भिंगाखाली धरल्या तेव्हा कापलेल्या कडेला काळपट रेघ दिसली. चकत्या विळीवर चिरल्या होत्या! टोमॅटोचा सामू (आंबटपणाचं माप, pH) सव्वाचार ते साडेचार; एवढं आंबट साध्या लोखंडी पात्याला लागलं की लोह रसात उतरतंच.

पडताळा घ्यायला त्याच शेतातली अख्खी फळं मागवली. नळाखाली धुतली, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लातून काढली, ऊर्ध्वपातित पाण्याने दोनदा विसळली. निम्मी विळीवर, निम्मी सिरॅमिक सुरीने चिरून 65-70 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवली. राख करताना घाई नडते: साखरेमुळे भुकटी फुगून मुशीबाहेर (जाळायच्या भांड्याबाहेर) येते, म्हणून आधी हॉटप्लेटवर धूर थांबेपर्यंत जाळायची, मगच 550 अंशांची भट्टी. 600च्या वर गेलात तर पोटॅशियम उडायला लागतं. सोबत कोरी, म्हणजे नमुना न घातलेली, मूसही त्याच वाटेने न्यायची, म्हणजे आम्लातलं आणि भांड्यातलं लोह वजा करता येतं.

सिरॅमिक सुरीच्या नमुन्यातलं लोह संकरिताच्या बरोबरीला आलं. विळीचं चढंच राहिलं.

“मग लोह हाय असं लिवायचं न्हाई काय?” गटातल्या मावशींनी विचारलं. वाणाच्या नावावर नाही. पात्यातून आलेलं लोह दर खेपेला वेगळं असणार, ते छापणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक. मात्र टोमॅटोतलं क जीवनसत्त्व भाकरी-डाळीतलं लोह अंगी लागायला मदत करतं, आणि लोखंडी कढईत शिजवलेल्या आमटीत लोह खरोखर वाढतं. हा गुण मला लेबलावरच्या आकड्यापेक्षा मोलाचा वाटतो. पण त्यासाठी ताजं फळच हवं. उन्हात वाळवताना क जीवनसत्त्व बरंच जातं.

पुढच्या तपासणीसाठी त्यांना सांगितलं: आठ-दहा झाडांवरची, सारखी पिकलेली किलोभर फळं देठासकट, न चिरता आणा, आणि विक्रीच्या चकत्यांना यापुढे स्टेनलेस स्टीलची सुरीच वापरा.