उत्तरेच्याही उत्तरेला असलेली ‘दक्षिण’

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून डेरीला निघालेली गाडी कोलरेननंतर समुद्राला खेटून धावू लागते आणि कॅसलरॉकचे बोगदे संपताच उजव्या खिडकीत लांबलचक वाळूचा किनारा दिसू लागतो. खाडीपलीकडचे निळसर डोंगर कोणते, असे मी शेजारच्या आजोबांना विचारले, तर ‘ते साउथमधले’ असे उत्तर मिळाले. आमची खिडकी मात्र सरळ वायव्येकडे उघडत होती.

आयर्लंड बेटाचा बराचसा भाग हा स्वतंत्र देश आहे आणि इथल्या बोलीत त्यालाच ‘साउथ’ म्हणतात. उरलेला उत्तर आयर्लंड हा ‘युनायटेड किंग्डम’चा भाग आहे, पण ‘ग्रेट ब्रिटन’ या बेटाचा नाही. तरीही इथल्या मोटारी परदेशी नेताना सप्टेंबर 2021 पर्यंत त्यांच्यावर ‘जीबी’ हीच अक्षरे लावावी लागत. क्रिकेटचा आणि रग्बीचा आयर्लंड संघ दोन्ही बाजूंचा मिळून एकच असतो, फुटबॉलचे संघ मात्र दोन. ‘अल्स्टर’ हे नाव अनेक जण उत्तर आयर्लंडसाठी सर्रास वापरतात; मूळ प्रांत नऊ काउंट्यांचा असून त्यांतल्या सहाच इकडे आहेत.

डेरीत तर शहराच्या नावावरच एकमत नाही. 1613 च्या राजसनदेने, लंडनच्या व्यापारी संघांनी इथे वसाहत उभारायची म्हणून, ‘डेरी’च्या आधी ‘लंडन’ जोडले गेले. नगरपालिकेने 1984 मध्ये स्वतःच्या नावातून ते काढले, पण शहराचे अधिकृत नाव लंडनडेरीच असल्याचा निर्वाळा 2007 मध्ये न्यायालयाने दिला. रस्त्यावरच्या पाट्यांचा निकाल लोकांनी परस्पर लावला आहे: पांढऱ्या अक्षरांतल्या ‘लंडन’वर रंगाचे जाड फराटे, आणि ‘डेरी’ मात्र स्वच्छ.

तिथून ‘साउथ’मधल्या डोनेगॉल काउंटीत जाताना सीमेवर ना चौकी लागते ना फाटक. ताशी मैलांचे आकडे किलोमीटरचे होतात आणि लाल टपालपेट्या हिरव्या होतात, एवढेच. आपल्या पासपोर्टला मात्र ही मोकळीक नाही. माझ्या ब्रिटिश व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) हा शेरा होता म्हणून निर्धास्तपणे जाता आले; भारतीय प्रवाशांनी तो आधीच तपासून घ्यावा.

डोनेगॉलमधले मॅलिन हेड हे आयर्लंडच्या मुख्य बेटाचे सर्वांत उत्तरेकडचे टोक, उत्तर आयर्लंडमधल्या कुठल्याही जागेपेक्षा उत्तरेला, आणि तरी बोलीत ते ‘साउथ’. तिथे गवतात पांढऱ्या दगडांनी ‘एरा’ हे आयरिश नाव रोमन लिपीत भल्या मोठ्या अक्षरांत मांडले आहे. दुसऱ्या महायुद्धात, खाली तटस्थ देश आहे हे वैमानिकांना कळावे, यासाठी ही सोय होती. 1937 च्या राज्यघटनेनुसार देशाचे नाव आयरिशमध्ये ‘एरा’ आणि इंग्रजीत नुसते ‘आयर्लंड’ आहे. ‘रिपब्लिक ऑफ आयर्लंड’ हे 1949 पासून अमलात आलेले केवळ वर्णन आहे. पण नुसते ‘आयर्लंड’ म्हटले की देश की अख्खे बेट, हा प्रश्न उरतोच, त्यामुळे मीही डेरीत परतल्यावर मुकाट्याने ‘रिपब्लिक’ म्हणू लागलो.