तुम्ही विचारलंत म्हणून: जुने ‘स्टार ट्रेक’ कोणत्या रूपात पाहावे?

एक प्रश्न मला वरचेवर ऐकायला मिळतो. विचारणारी मंडळी बहुधा तरुण असतात, संगणकावर कंपोझिटिंग (वेगवेगळी चित्रे एकाच फ्रेममध्ये जुळवणे) शिकत असतात, आणि मी मुंबईतल्या एका फिल्म लॅबच्या ऑप्टिकल विभागात बरीच वर्षे काढली आहेत हे त्यांना कुठून तरी कळलेले असते. प्रश्न असा: १९६६ ते १९६९ या काळात अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर दाखवलेली, ‘एंटरप्राइज’ या अंतराळजहाजाच्या सफरींची मूळ ‘स्टार ट्रेक’ मालिका आज पहिल्यांदा पाहायची झाली, तर ती तेव्हाच्या स्पेशल इफेक्ट्ससह पाहावी, की २००६ पासून संगणकावर नव्याने केलेल्या इफेक्ट्ससह? तोंडी उत्तर मी दोन वाक्यांत देत आलो, पण ते देताना दर वेळी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते, म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे.

माझे उत्तर असे आहे की पहिल्यांदा पाहणाऱ्याने ही मालिका मूळ इफेक्ट्ससहच पाहावी. नवे काम निष्काळजीपणे झाले आहे असे मी मुळीच म्हणत नाही. उलट, ज्यांनी ते केले त्यांचे या मालिकेवर किती प्रेम होते ते शॉटाशॉटातून दिसते. तरीही माझे उत्तर बदलत नाही.

प्रथम एक गोंधळ दूर करायला हवा. २००६ साली, मालिकेला ४० वर्षे झाली तेव्हा, सीबीएस या अमेरिकी कंपनीने जे काम हाती घेतले त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी होत्या आणि लोक त्या एकच समजतात. पहिली गोष्ट म्हणजे ३५ मिलिमीटरच्या मूळ निगेटिव्हचे उच्च दर्जाचे स्कॅनिंग, त्यावरची धूळ आणि ओरखडे काढणे, आणि रंग पुन्हा जागेवर आणणे. याबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. आमच्या पिढीने ही मालिका ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर पाहिली, आणि ज्या शेजाऱ्यांच्या घरी मी ती पाहत असे त्यांचा संच कृष्णधवल होता. त्यामुळे जहाजावरचे लोक वेगवेगळ्या खात्यांप्रमाणे पिवळे, निळे आणि लाल सदरे घालतात हे मला कितीतरी वर्षे ठाऊकच नव्हते. स्वच्छ केलेल्या निगेटिव्हवरून पहिल्यांदा पाहिले तेव्हा सदऱ्यांच्या कापडाचा पोतसुद्धा दिसला आणि मला खरोखर भरून आले. दुसरी गोष्ट म्हणजे अंतराळातले जहाज, ग्रह, स्फोट असे इफेक्ट्सचे मूळ शॉट काढून त्यांच्या जागी संगणकावर तयार केलेले शॉट घालणे. वाद आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा.

दुसरे काम करावेसे का वाटले, हे मला माझ्या धंद्यामुळे नीट समजते. ऑप्टिकल प्रिंटर म्हणजे समोरासमोर बसवलेले एक प्रोजेक्टर आणि एक कॅमेरा. आधी चित्रित झालेली फिल्म प्रोजेक्टरमधून एकेक फ्रेम सरकते आणि कॅमेरा तीच फ्रेम नव्या फिल्मवर टिपतो. निळ्या पडद्यासमोर चित्रित केलेले जहाज ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर आणायचे असेल, तर आधी त्या जहाजाच्या आकाराचा काळा मास्क फिल्मवरच तयार करावा लागतो. मग तारे टिपताना जहाजाएवढी जागा काळी राखायची, नवी फिल्म मागे गुंडाळायची, आणि दुसऱ्या खेपेला नेमक्या त्याच जागेत जहाज बसवायचे. ग्रह असेल तर तिसरी खेप. मास्क केसभर सरकला तरी जहाजाभोवती काळी रेघ उमटते. एक धूलिकण गेटमध्ये, म्हणजे फिल्म जिथून सरकते त्या चौकटीत, बसला तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. आणि सारे बिनचूक जमले तरी हाती येते ती नक्कलच. प्रत्येक नकलेबरोबर ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक दाणे, वाढते आणि रेषा मऊ होतात. आमच्याकडे साध्या डिझॉल्व्हचीही (एक दृश्य विरत दुसरे उमटण्याची) हीच गोष्ट होती. नायिकेचा चेहरा लख्ख दिसत असे, आणि डिझॉल्व्ह सुरू होण्याच्या जागी ऑप्टिकलचा तुकडा जोडलेला असल्यामुळे पडदा एकदम किंचित गढूळ होत असे. सामान्य प्रेक्षकाला ते जाणवत नसे, पण चित्रपटगृहात बसलो की मला दुसरे काही दिसतच नसे.

‘स्टार ट्रेक’ची निगेटिव्ह स्वच्छ केल्यावर नेमके हेच झाले. नटांचे शॉट पहिल्या प्रतीचे असल्यामुळे कमालीचे उजळले, आणि इफेक्ट्सचे शॉट नकलेची नक्कल असल्यामुळे आहेत तिथेच राहिले. चाळीस वर्षांपूर्वीच्या घरगुती संचावर जो फरक कुणाला दिसला नसता तो मोठ्या पडद्याच्या नव्या संचावर डोळ्यांत भरू लागला.

मूळ शॉट कोणत्या परिस्थितीत तयार झाले हेही सांगितले पाहिजे. ‘एंटरप्राइज’ या जहाजाची संकल्पना मॅट जेफरीज यांची. त्याची सुमारे ११ फूट लांबीची प्रतिकृती १९६४ मध्ये तयार झाली. तिच्या दिव्यांच्या तारा डाव्या बाजूने आत गेल्यामुळे ती बाजू पुरी केलेलीच नव्हती, म्हणून जहाज जवळजवळ नेहमी उजव्या बाजूने दिसते. दर आठवड्याला नवा भाग द्यायचा, त्यात पैसे मोजके, आणि एकट्या संस्थेला काम आवरेना म्हणून ते चार वेगवेगळ्या इफेक्ट्स संस्थांमध्ये वाटलेले. त्यांतली एक लिनवुड डन यांची. १९३३ सालच्या ‘किंग काँग’वर काम केलेल्या आणि ऑप्टिकल प्रिंटरला आजचे रूप देणाऱ्या डन यांचे नाव आमच्या विभागात आदरानेच घेतले जाई. पैसे कमी होते म्हणून एकदा घेतलेला प्रदक्षिणेचा शॉट ग्रहाचा रंग बदलून पुन्हा पुन्हा वापरला गेला. दर भागात जहाज ग्रहावर उतरवणे परवडणारे नव्हते म्हणून माणसांना किरणांच्या रूपात खाली पाठवण्याची कल्पना निघाली, आणि त्यासाठी काळ्या पार्श्वभूमीवर प्रकाशाच्या झोतात ॲल्युमिनियमची भुकटी सोडून ती चित्रित केली गेली. त्या चमचमत्या कणांतून विरघळणारा माणूस आजही मला थरारून टाकतो.

नव्या कामाची धुरा मायकेल ओकुडा, डेनिस ओकुडा आणि डेव्हिड रॉसी यांच्याकडे होती. जुनी प्रतिकृती १९७४ पासून अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेकडे आहे. तिच्या मोजमापांवरून संगणकावरचे जहाज घडवले गेले. त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली: संगणकावरचा कॅमेरा हवा तसा गरागरा फिरवता आला असता, पण त्यांनी जहाजाची चाल जुन्यासारखीच संथ आणि वजनदार ठेवली. ही शिस्त मला फार मोलाची वाटते. प्रत्येक ग्रहाला त्यांनी स्वतःचा चेहरा दिला, तेही चांगलेच झाले. मात्र सुरुवातीच्या भागांतले त्यांचे जहाज मला गुळगुळीत आणि पोकळ दिसते. प्रतिकृतीवर पडलेला खरा प्रकाश कडेला जसा हळूहळू मावळतो तसा तो तिथे मावळत नाही.

माझा खरा आक्षेप मात्र याहून वेगळा आहे, आणि तो एका भागाच्या आधाराने सांगतो. ‘द डूम्सडे मशीन’ हा भाग ऑक्टोबर १९६७ मध्ये दाखवला गेला. ग्रहच्या ग्रह गिळत जाणारे एक अजस्र यंत्र त्यात आहे. विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवायला कापडी पिशवी लावतात, तशी पिशवी सिमेंटमध्ये बुडवून ते यंत्र तयार केले होते, अशी आठवण लेखक नॉर्मन स्पिनरॅड यांनी पुढे सांगितली. त्या यंत्राने मोडून टाकलेले ‘कॉन्स्टेलेशन’ हे दुसरे जहाजही या भागात आहे, आणि ते म्हणजे दुकानात मिळणारा ‘एंटरप्राइज’चा खेळण्यातला संच जोडून, मग भाजून आणि तोडून केलेली प्रतिकृती. संचाबरोबर जे आकडे चिकटवायला मिळत ते १७०१ हेच, म्हणजे ‘एंटरप्राइज’च्या क्रमांकाचे, असल्यामुळे त्यांचीच अदलाबदल करून या जहाजाचा क्रमांक १०१७ झाला.

आता याच भागातला एक प्रसंग पाहा. मोडलेल्या जहाजात त्याचा प्रमुख, कमोडोर डेकर, एकटाच जिवंत सापडतो. विल्यम विंडम यांनी तो उभा केला आहे. दाढी वाढलेली, डोळे कुठेतरी हरवलेले, शरीर टेबलावर कोसळलेले. तुमची माणसे कुठे आहेत असे ‘एंटरप्राइज’चा कप्तान कर्क विचारतो. आपण सगळ्यांना तिसऱ्या ग्रहावर उतरवले, असे डेकर सांगतो. इथे तिसरा ग्रहच नाही, असे कर्क म्हणताच डेकरचा बांध फुटतो: तो होता, आता नाही. या प्रसंगात एकही इफेक्ट नाही, म्हणून २००६ नंतरच्या आवृत्तीतही तो जसाच्या तसा आहे. ग्रह गिळला जाताना आपण पाहिलेला नसतो. तो आपल्याला एका माणसाच्या चेहऱ्यावर दिसतो. मालिकेतला सर्वांत मोठा इफेक्ट मला हाच वाटतो.

तिथून दृश्य पुन्हा अंतराळात जाते तेव्हा मूळ आवृत्तीतले यंत्र खडबडीत आणि धूसर दिसते, आणि ते त्या चेहऱ्याशी जुळते, कारण दोन्ही एकाच काळातल्या फिल्मवर, एकाच पद्धतीच्या प्रकाशात आणि एकाच ओढाताणीत झालेली आहेत. नव्या आवृत्तीत तेच यंत्र भव्य आहे, त्याच्या मुखातली आग खरोखर भीती घालते, आणि मोडलेल्या जहाजाचा वाकलेला पत्रा मोजून घ्यावा इतका स्पष्ट आहे. हा भाग नव्या रूपात अधिक चांगला दिसतो, हे मी कुणाशीही न भांडता मान्य करीन. पण प्रत्येक वेळी जहाजाच्या आतून बाहेर जाताना मला चाळीस वर्षांची उडी मारावी लागते. आतला पुठ्ठ्याचा आणि रंगीत दिव्यांचा सेट १९६७ चा, बाहेरचे आकाश २००७ चे. ग्रेनची उडी चुकवायला गेले आणि काळाची उडी आली.

याहून गंभीर गोष्ट मला ‘अरीना’ या भागात दिसते. त्यात कर्कला गॉर्न नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याशी लढावे लागते. रबरी पोशाख घातलेला तो गॉर्न मूळ आवृत्तीत डोळ्याची पापणी हलवत नाही. त्याचे चमकदार, पैलू पाडल्यासारखे डोळे नुसते रोखून पाहतात. नव्या आवृत्तीत संगणकावर पापणी घालून त्याला डोळे मिचकावायला लावले आहे. बाहेरचे आकाश नव्याने रंगवणे एक वेळ समजू शकते. पण ज्या फ्रेममध्ये दोन माणसे खरोखर उन्हात उभी राहून काम करत होती त्या फ्रेममध्ये हात घालणे मला पटत नाही. न मिटणारे डोळे हीच त्या प्राण्याची दहशत होती.

इतरत्रही असे प्रयोग झाले. ब्रिटनमध्ये ‘रेड ड्वार्फ’ या अंतराळातल्या विनोदी मालिकेच्या पहिल्या तीन पर्वांतल्या सुंदर प्रतिकृती काढून १९९८ मध्ये संगणकावरची दृश्ये घातली गेली, ती प्रेक्षकांना रुचली नाहीत, आणि पुढे डीव्हीडीवर मूळ रूप परत आले. १९७२ सालच्या ‘डे ऑफ द डालेक्स’ या ‘डॉक्टर हू’च्या कथेत शेवटच्या हल्ल्यासाठी जेमतेम तीन डालेक (मालिकेतले परग्रहावरचे शत्रू) हाताशी होते, २०११ च्या डीव्हीडीवर त्यांची संख्या वाढवली, पण मूळ कथाही त्याच संचात दिली. मला सर्वांत पटलेले काम मात्र ‘स्टार ट्रेक’च्याच पुढच्या मालिकेचे आहे. १९८७ ते १९९४ मधली ती मालिका फिल्मवर चित्रित झाली होती, पण तिचे संकलन व्हिडिओ टेपवर झाले होते. २०१२ पासून तिचे १७८ भाग नव्याने बाहेर काढताना मूळ फिल्मची रिळे शोधली गेली, भाग पुन्हा संकलित केले गेले, आणि प्रतिकृतीच्या मूळ चित्रीकरणाचे वेगवेगळे थर संगणकावर पुन्हा जुळवले गेले. अगदी नाइलाज झाला तिथेच नवे चित्र केले. जहाज तेच, त्यावरचा प्रकाश तोच, फक्त नकलेची धूळ गेली. आमच्या विभागातल्या प्रत्येकाने हेच मागितले असते. या कामाला इतका खर्च येतो की त्यानंतरच्या दोन मालिकांच्या वाट्याला ते आलेले नाही.

मूळ मालिकेच्या २००९ च्या ब्लू-रे संचात रिमोटचे बटण दाबून कोणत्याही क्षणी जुना शॉट किंवा नवा शॉट निवडता येतो. दोन्ही असे शेजारी शेजारी असतील तर माझे कशाशीच भांडण नाही. पण आज मालिका जिथे सहज उपलब्ध होते तिथे बहुधा नवीच आवृत्ती असते, आणि आपण पाहतो आहोत ते १९६६ चे नाही हे पाहणाऱ्याला कुणी सांगत नाही. ज्यांनी अंधाऱ्या खोलीत बसून मास्क जुळवले त्यांचे काम असे गुपचूप बाजूला सारले जाते, याचे मला वाईट वाटते. जेफरीज, डन आणि मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी हे तिघेही २००६ पूर्वीच गेले होते. त्यांना विचारणे शक्यच नव्हते.

गेल्या दिवाळीत शेजारची मुलगी, जी सध्या हेच काम शिकते आहे, माझ्याकडे तो संच पाहायला आली. ‘द डूम्सडे मशीन’ आम्ही आधी मूळ रूपात पाहिला, मग मागे जाऊन नव्या रूपात. मोडलेले जहाज पहिल्यांदा समोर येते त्या शॉटवर तिने चित्र थांबवले आणि बटण दाबून दोन्ही रूपे तीन-चार वेळा आलटून पालटून पाहिली. जळालेल्या प्लास्टिकच्या जागी वाकलेले पोलाद आले, सपाट काळ्या डागाच्या जागी आतले मजले दिसू लागले. मग ती टीव्हीजवळ गेली आणि जहाजाच्या पत्र्यावर बोट ठेवून म्हणाली, “काका, सगळं जहाज नवीन केलं, पण नंबर तोच ठेवलाय.” मी जवळ जाऊन पाहिले. १०१७.